दहा हजारांत एक: लपलेली कॅन्सर पेशी डेटात कशी सापडते?

आजचा भाग ऐकून झाल्यावर ज्यांना तो निवांत वाचायचाय, त्यांच्यासाठी हा मजकूर. या भागात आकडे जरा जास्त आहेत, त्यामुळे लिहिताना बोलणं थोडं आवरतं घेतलंय. बसमध्ये उभ्याउभ्या वाचत असाल तरी कळेल, काळजी नको.

सुरुवात एका प्रश्नाने करू. समजा, चार वर्षांची एक मुलगी आहे. तिला बी-सेल अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालाय. लांबलचक नाव आहे, आपण बी-एएलएल म्हणू. अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा कॅन्सर, आणि त्यातही बी-एएलएल हा प्रकार जास्त. पहिल्या महिन्याची केमोथेरपी संपली. बोन मॅरोचा नमुना काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघितला, तर सगळं छान दिसतंय. डॉक्टर म्हणतात, "रेमिशन आलंय." घरचे पेढे आणायच्या बेतात, आणि तेवढ्यात डॉक्टर पुढचं वाक्य बोलतात, "पण एमआरडीचा रिपोर्ट येऊ द्या, मग पुढचं ठरवू."

आता सूक्ष्मदर्शकाखाली काही दिसत नाही, तर हा कुठला आणखी रिपोर्ट?

एमआरडी म्हणजे मिनिमल रेसिड्युअल डिसीज. उपचारांनंतरही मागे उरलेला, डोळ्याला न दिसणारा आजार. ल्युकेमियाचं निदान होतं तेव्हा शरीरात साधारण एक लाख कोटी कॅन्सर पेशी असू शकतात. बोन मॅरोत त्यांचं प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली गेलं की सूक्ष्मदर्शकाच्या हिशेबाने रेमिशन. पण वीस पेशींत एकापेक्षा कमी, हा काही फार कडक नियम नाही! एवढ्यावरही शरीरात हजार कोटी पेशी शिल्लक असू शकतात. केमोमधून सावरणाऱ्या मॅरोत तरुण निरोगी पेशी आणि कॅन्सर पेशी दिसायलाही सारख्याच असतात. मग नुसत्या डोळ्याने काय निवडणार?

म्हणून फ्लो सायटोमेट्री. तिच्यामुळे दहा हजार पेशींत एक कॅन्सर पेशी असली तरी पकडता येते. म्हणजे ०.०१ टक्का. पण ती पकडतं कोण? मशीन? मी रोज हाच डेटा बघते, त्यामुळे ठामपणे सांगते, मशीन फक्त आकडे देतं. "ही पेशी कॅन्सरची" असं मशीन कधीच म्हणत नाही. ते ठरतं विश्लेषणात. आजचा सगळा भाग त्या विश्लेषणाबद्दल आहे.

मशीन नेमकं काय देतं?

थोडक्यात सांगते. बोन मॅरोच्या पेशींवर रंगीत अँटिबॉडी चिकटवतात. प्रत्येक अँटिबॉडी पेशीच्या पृष्ठभागावरचं एकच ठरावीक प्रथिन ओळखते. या प्रथिनांना सीडी आणि पुढे नंबर अशी नावं आहेत. सीडी१९ बी-पेशींवर असतं, सीडी३ टी-पेशींवर, सीडी३४ अगदी कोवळ्या पेशींवर. प्रत्येक अँटिबॉडीला वेगळा चमकणारा रंग जोडलेला असतो.

मग या पेशी पाण्याच्या धारेत सोडतात, अशा की एकामागून एक, एका रांगेत जातील. वाटेत लेसरचा किरण असतो. पेशी त्यातून गेली की प्रकाश विखुरतो आणि रंग चमकतात. समोरच्या दिशेला विखुरलेला प्रकाश पेशीच्या आकाराचा अंदाज देतो, बाजूला विखुरलेला प्रकाश आत किती दाणेदार मालमसाला आहे ते सांगतो, आणि रंगांची चमक सांगते की कुठलं प्रथिन किती आहे. सेकंदाला हजारो पेशी अशा मोजून होतात.

शेवटी हातात काय पडतं? एक फाइल. डोळ्यांपुढे एक भलीमोठी एक्सेल शीट आणा. प्रत्येक ओळ म्हणजे एक पेशी, प्रत्येक रकाना म्हणजे एक मोजमाप. पाच लाख ओळी आणि पंधरा-एक रकाने. रकान्यात फक्त आकडे. कुठल्याही ओळीपुढे "कॅन्सर" असं लिहिलेलं नसतं.

आपल्या घरी तांदूळ कसे साफ करतात आठवा. आधी चाळायचे, मग सुपात पाखडायचे, मग ताटात पसरून एकेक खडा निवडायचा. फ्लोच्या डेटाचंही अगदी तसंच आहे, आणि क्रम चुकवून चालत नाही.

चाळणं: कचरा आणि जोड्या

पहिलं काम म्हणजे नको ते बाजूला काढणं. फुटलेल्या पेशींचे तुकडे असतात, ते आकाराने लहान म्हणून सहज ओळखू येतात. मेलेल्या पेशी जास्त त्रासदायक. त्या चिकट होतात, कुठलीही अँटिबॉडी अंगाला लावून घेतात आणि भलत्याच रंगात चमकतात. मध्येच धारेत बुडबुडा आला किंवा नळी तुंबली, तर तेवढ्या वेळातले आकडे हलतात. म्हणून वेळेचा रकाना बघून तो तुकडा काढून टाकायचा.

आणि मग जोड्या. दोन पेशी एकमेकींना चिकटून लेसरमधून गेल्या तर मशीन त्यांना एकच पेशी समजतं. आता एक बी-पेशी आणि एक टी-पेशी अशा गेल्या, तर डेटात सीडी१९ पण आहे आणि सीडी३ पण आहे अशी एक विचित्र पेशी अवतरते. प्रत्यक्षात अशी कुणी नसतेच! दहा हजारांत एक शोधायला निघालेल्या माणसाला अशा पन्नास भुताटक्या भेटल्या तर अख्खा रिपोर्ट बदलतो.

यावर उपाय सोपा आहे. प्रत्येक पेशीच्या सिग्नलची उंची आणि क्षेत्रफळ दोन्ही नोंदवलेलं असतं. एकटी पेशी असेल तर दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. जोडी असेल तर सिग्नल लांबतो, क्षेत्रफळ वाढतं, पण उंची तेवढी वाढत नाही. दोन्हींचा आलेख काढला की एकट्या पेशी तिरक्या सरळ रेषेत उभ्या राहतात आणि जोड्या त्या रेषेतून बाहेर पडतात. त्यांना तिथेच निरोप द्यायचा.

पाखडणं: एका रंगाची दुसऱ्या रंगात गळती

दुसरं काम कॉम्पेन्सेशन. नाव जड आहे, गोष्ट घरगुती आहे. शेजारच्या घरात टीव्ही मोठ्याने लागलाय आणि तुम्ही तुमच्या खोलीतला आवाज मोजताय. मोजमापात शेजारचाही आवाज येणारच. तो वजा केल्याशिवाय तुमच्या खोलीत खरा आवाज किती ते कळत नाही.

रंगांचंही असंच. एफआयटीसी नावाचा हिरवा रंग सुमारे ५२० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त चमकतो आणि पीई नावाचा नारिंगी रंग सुमारे ५७८ला. पण एफआयटीसीचा प्रकाश ५२०पाशी थांबत नाही. त्याची शेपटी पीईच्या डिटेक्टरपर्यंत पोचते. किती पोचते ते कसं कळणार? फक्त एफआयटीसी लावलेला एक वेगळा नमुना चालवायचा आणि पीईच्या डिटेक्टरमध्ये किती उजेड पडतो ते बघायचं. समजा वीस टक्के पडला. आता खऱ्या नमुन्यात एका पेशीचं एफआयटीसी १००० आणि पीई २५० आलं. त्या २५०मधले २०० शेजाऱ्याचे. पेशीचं खरं पीई फक्त ५०. ही वजाबाकी केली नाही तर जे प्रथिन पेशीवर नावापुरतं आहे, ते भरपूर आहे असं वाटेल. दहा रंग असतील तर प्रत्येक रंगाची बाकी नऊ डिटेक्टरमध्ये किती गळती, याचं अख्खं कोष्टक तयार करून सॉफ्टवेअर एका दमात सोडवतं.

पण इथे एक गोम आहे. कॉम्पेन्सेशन सरासरी बरोबर करतं, पसारा कमी करत नाही. प्रकाश मोजताना थोडा डळमळ असतोच. जी पेशी १००० दाखवते ती पुढच्या वेळी ९७० किंवा १०३० दाखवेल. गळतीतही तो डळमळ येतो आणि वजाबाकीनंतरही उरतो. म्हणून काही पेशींचे आकडे शून्याखालीही जातात. प्रकाश कधी उणे असतो का? नाही. ती वजाबाकीची कृपा आहे. साध्या लॉग स्केलवर शून्य आणि उणे आकडे दाखवताच येत नाहीत, त्या पेशी सगळ्या कडेला जाऊन चिकटतात आणि बघणाऱ्याला वाटतं की इथे वेगळाच गट आहे. म्हणून २००६मध्ये लॉजिकल नावाचं स्केल आलं. ते शून्याच्या आसपास साध्या पट्टीसारखं वागतं आणि मोठ्या आकड्यांना लॉगसारखं. आज बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये ते किंवा त्याचा भाऊबंद असतोच.

आणि पसाऱ्याचं काय? त्यासाठी एफएमओ कंट्रोल वापरतात. पूर्ण नाव फ्लुरोसन्स मायनस वन. दहा रंगांपैकी एक सोडून बाकीचे नऊ लावायचे. जो सोडलाय, त्याच्या डिटेक्टरमध्ये आता जे काही दिसेल ते सगळं बाकीच्यांच्या गळतीतून आलेलं. त्याच्या वरचं ते खरं. म्हणजे "आहे" आणि "नाही" यांच्यातली रेघ अंदाजाने न मारता मोजून मारता येते. शिवाय त्याच नळीतल्या निरोगी पेशी फुकटच्या साक्षीदार असतात. टी-पेशींवर सीडी१९ नसतं, मग त्या जिथे आहेत तिथे सीडी१९चा "नाही" आहे, हे उघड.

निवडणं: गेट म्हणजे काय?

आता मुख्य काम. दोन रकाने घ्यायचे, एक आडव्या अक्षावर, एक उभ्या अक्षावर, आणि प्रत्येक पेशीसाठी एक ठिपका. पाच लाख ठिपके पडले की ढगांसारखे पुंजके दिसतात. हव्या त्या पुंजक्याभोवती माऊसने एक रेघ काढायची. ही रेघ म्हणजे गेट. गेटच्या आतल्या पेशी पुढच्या आलेखात घ्यायच्या, बाहेरच्या सोडायच्या. मग नवे दोन रकाने, नवं गेट.

बी-एएलएलमध्ये साधारण असं करतात. आधी सीडी१९ असलेल्या पेशी वेगळ्या काढायच्या. मग त्यांच्यात सीडी४५, सीडी१०, सीडी३४, सीडी२०, सीडी३८ बघायचे. आणि इथेच खरी परीक्षा सुरू होते. कारण केमोथेरपीनंतर मुलांच्या बोन मॅरोत नव्या निरोगी बी-पेशी जोमाने तयार होत असतात. त्यांना हेमॅटोगोन म्हणतात. त्यांच्यावरही सीडी१९ असतं, सीडी१० असतं, कोवळ्या असतील तर सीडी३४सुद्धा. म्हणजे तांदळात पांढरे खडे, आणि रंग-आकार सगळा तांदळाचाच!

मग फरक कशात? वाढीच्या वाटेत. निरोगी बी-पेशी मोठी होताना ठरलेल्या पायऱ्या चढते. सीडी३४ जातं, सीडी१० भडक असतं ते हळूहळू फिकं होतं, सीडी४५ वाढत जातं, सीडी२० उशिरा येतं. सगळ्या पेशी आलेखावर एका वळणदार वाटेने चालताना दिसतात. शाळेतल्या पहिली ते दहावीसारखं, प्रत्येक इयत्तेत थोडी मुलं. ल्युकेमियाची पेशी एका जागी अडकते आणि तिथेच आपली संख्या वाढवते. त्यामुळे तिचा पुंजका वाटेपासून बाजूला, एकाच ठिकाणी घट्ट बसलेला असतो. सीडी३८ असायला हवं त्यापेक्षा फिकं, सीडी५८ जास्त भडक, सीडी१२३ जिथे नको तिथे हजर, अशी तिची लक्षणं असतात.

शोधायच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत निदानाच्या दिवशी त्या रुग्णाच्या कॅन्सर पेशींचा चेहरा नोंदवून ठेवायचा आणि पुढे तोच चेहरा शोधायचा. दुसऱ्या रीतीत निरोगी वाट कशी दिसते ते पक्कं माहीत करून घ्यायचं आणि जे जे त्या वाटेवर नाही त्याच्यावर संशय घ्यायचा. पहिली रीत एकटी पुरत नाही, कारण स्टेरॉइड आणि केमोमुळे कॅन्सर पेशींचा चेहराही बदलतो. सीडी१० आणि सीडी३४ फिके पडू शकतात, सीडी२० वाढू शकतं. म्हणून अनुभवी लोक दोन्ही रीती एकत्र वापरतात.

आता विचार करा. गेटची रेघ बोटभर इकडे सरकली की वीस हेमॅटोगोन आत आले. तिकडे सरकली की वीस कॅन्सर पेशी बाहेर गेल्या. फाइल तीच, मशीन तेच, मुलगी तीच. रिपोर्ट मात्र वेगळा.

मोजणं: किती पेशी बघितल्या, ते सांगा

समजा गेट अगदी चोख काढलं. पुढचा प्रश्न गणिताचा. पाच लाख पेशींमध्ये ५० संशयित पेशी सापडल्या. ५० भागिले पाच लाख म्हणजे ०.०१ टक्का. बरोबर उंबरठ्यावर! या आकड्यावर किती विसंबायचं?

नशिबाने सापडणाऱ्या दुर्मीळ गोष्टींचा एक नियम आहे. जितक्या सापडल्या त्याचं वर्गमूळ काढा, साधारण तेवढा डळमळ धरा. ५०चं वर्गमूळ सात. म्हणजे चौदा टक्के डळमळ. १०० सापडल्या तर दहा टक्के. २० सापडल्या तर बावीस टक्के. म्हणून बऱ्याच लॅब असं धरतात की वीस-एक पेशींचा घट्ट पुंजका असेल तर "आहे" म्हणायला हरकत नाही, पण "इतके टक्के आहे" असं सांगायला पन्नासच्या आसपास तरी हव्यात.

याचा उलट अर्थ फार महत्त्वाचा आहे. एखाद्या लॅबने फक्त पन्नास हजार पेशी मोजल्या, तर ०.०१ टक्क्याला मिळणार पाच पेशी. पाच पेशींवर कुणी छातीठोक काही सांगू शकत नाही. अशा रिपोर्टवर "आढळलं नाही" लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ "नाही" असा होत नाही. त्याचा अर्थ "एवढ्यात दिसलं नाही" असा होतो. युरोपातल्या युरोफ्लो या गटाने २०१७मध्ये बी-एएलएलसाठी जी पद्धत मांडली, तिच्यात लाखात एक पेशी पकडायची म्हणून चाळीस लाखांहून जास्त पेशी मोजायला सांगितल्या आहेत. ते याच हिशेबामुळे.

आणखी एक गोष्ट रिपोर्टवर दिसतही नाही. बोन मॅरो काढताना पहिल्या ओढीला खरा मॅरो येतो, नंतरच्या ओढींत रक्त मिसळत जातं. रक्त मिसळलं की कॅन्सर पेशींचं प्रमाण आपोआप कमी दिसतं. म्हणून एमआरडीसाठी पहिल्या ओढीचा नमुना मागतात. सुईच्या टोकाशी जे बिघडलं ते कुठल्याही सॉफ्टवेअरने दुरुस्त होत नाही.

मग कॉम्प्युटरलाच का नाही सांगत?

हा प्रश्न तुम्ही विचारणारच होतात. दहा रकाने असले तर दोन-दोनच्या जोड्या होतात ४५. वीस असले तर १९०. एवढे आलेख माणूस नीट बघणार कसा? म्हणून गेल्या काही वर्षांत बऱ्याच पद्धती आल्या. ऐकताना तीन नावं घेतली होती, तीच इथे.

पहिली टी-एसएनई, आणि तिच्या जातकुळीतली यूमॅप. या पद्धती सगळे रकाने एकदम बघतात आणि सारख्या पेशी कागदावर जवळजवळ बसवतात. २०१३मध्ये ल्युकेमियाच्या नमुन्यांवर टी-एसएनई वापरून विस्ने नावाची पद्धत मांडली गेली. तिच्यात एका मॅरोतल्या निरोगी पेशींचे गट बेटांसारखे वेगवेगळे दिसतात आणि कॅन्सर पेशी आपलं वेगळं बेट करून बसतात. चित्र फारच सुंदर! पण सांभाळून. या नकाशावर दोन बेटांमधलं अंतर किलोमीटरसारखं वाचायचं नसतं. बेट मोठं दिसतं म्हणून पेशी तितक्याच जास्त, असंही नाही. नकाशा शेजार दाखवतो, मोजमाप करत नाही.

दुसरी फ्लोसॉम, २०१५ची, बेल्जियममधल्या गेन्टच्या संशोधकांची. ही पेशींना गटांत वाटते. साधारणपणे दहा बाय दहाची जाळी, म्हणजे शंभर खाने, आणि प्रत्येक पेशी आपल्याला सगळ्यात जवळच्या खान्यात. मग सारखे खाने एकत्र करून मोठे गट. फार वेगवान आहे. २०१६मध्ये बऱ्याच पद्धतींची तुलना झाली, तिच्यात ही वरच्या क्रमांकावर राहिली. तिसरी फेनोग्राफ, तीही २०१५चीच. ती पेशींचं मैत्रीचं जाळं विणते, कोण कोणाच्या जवळ आहे ते, आणि त्या जाळ्यातल्या टोळ्या शोधते.

या सगळ्या चांगल्या आहेत, पण दहा हजारांत एक शोधायचं म्हटलं की दोन सापळे आहेत. पहिला नमुना कमी करण्याचा. पाच लाख पेशींवर टी-एसएनई चालवायला वेळ लागतो, म्हणून लोक त्यातल्या दहा हजार पेशी चिठ्ठ्या टाकून उचलतात. आता हिशेब करा. पाच लाखांत ५० होत्या, दहा हजारांत उरणार एक! नकाशावर एक ठिपका. जे शोधायला निघालो तेच घरी ठेवून निघालो. म्हणून आधी हाताने गेट लावून फक्त बी-पेशी घ्यायच्या, त्या सगळ्याच्या सगळ्या ठेवायच्या आणि मग नकाशा काढायचा.

दुसरा सापळा गटांचा. शंभर खान्यांत पाच लाख पेशी वाटल्या तर सरासरी एका खान्यात पाच हजार येतात. आपल्या ५० पेशींना स्वतंत्र खाना मिळेलच असं नाही. त्या एखाद्या मोठ्या हेमॅटोगोन गटात गुपचूप मिसळून जातात. कॉम्प्युटर चूक करत नसतो. त्याला मोठे गट नीट वाटायला सांगितलंय, तो तेच करतो. शिवाय सोमवारी आणि गुरुवारी चालवलेल्या नमुन्यांत लेसर, रंग, तापमान यांचा बारीक फरक असतो. तो फरक कॉम्प्युटरला नवा आजार वाटू शकतो.

म्हणून माझं मत सांगते. कॉम्प्युटर संशय घ्यायला उत्तम, निकाल द्यायला एकटा पुरेसा नाही. त्याने दाखवलेला पुंजका परत साध्या दोन अक्षांच्या आलेखावर आणून बघायचा. वाटेवर आहे की वाटेबाहेर? चेहरा जुळतो का? जोडी तर नाही ना?

जेव्हा पहिलं गेटच दगा देतं

एक ताजं आणि आपल्या जवळचं उदाहरण. वर म्हटलं, बी-एएलएलमध्ये पहिलं गेट सीडी१९चं. पण आता सीडी१९लाच नेम धरून मारणारे उपचार आलेत. कार-टी थेरपी त्यातलीच. रुग्णाच्या टी-पेशी काढून, त्यांना सीडी१९ ओळखायला शिकवून परत शरीरात सोडतात. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार१९ ही भारतात तयार झालेली अशी पहिली थेरपी, तिला २०२३मध्ये मान्यता मिळाली. नावातला १९ म्हणजे हाच सीडी१९.

आता गंमत बघा. गंमत म्हणायची, पण गंभीर आहे. या उपचारानंतर काही रुग्णांत कॅन्सर पेशी सीडी१९ अंगावरून उतरवूनच टाकतात. चोराने अंगावरचा शर्ट बदलला. आपण पहिल्याच आलेखात सीडी१९ नसलेल्या सगळ्या पेशी बाहेर टाकल्या तर कॅन्सर पहिल्याच दारातून निसटला. पुढची सगळी गेटं कितीही अचूक असोत, उपयोग शून्य. म्हणून अशा रुग्णांत सीडी२२, सीडी२४ किंवा पेशीच्या आत असणारं सीडी७९ए वापरून बी-पेशी शोधतात. विश्लेषण करणाऱ्याला रुग्णाने कुठले उपचार घेतलेत हे माहीत असणं म्हणूनच गरजेचं आहे.

याने त्या मुलीचं काय बदलतं?

सगळंच. ब्रिटनमधल्या यूकेएएलएल २००३ या मोठ्या चाचणीत मुलांना एमआरडीवरून वेगवेगळे उपचार दिले गेले. ज्यांचा एमआरडी कमी होता त्यांच्यात उपचारांचा एक जड टप्पा कमी करूनही निकाल तितकेच चांगले राहिले. ज्यांचा जास्त होता त्यांना उपचार वाढवून फायदा झाला. भारतातही इंडियन चाइल्डहूड कोलॅबरेटिव्ह ल्युकेमिया ग्रुपच्या उपचारपद्धतीत पहिल्या टप्प्याच्या शेवटचा एमआरडी जोखीम ठरवायला वापरतात.

म्हणजे गेट चुकून मोठं काढलं तर एका मुलीला नको असलेलं विष जास्तीचं मिळेल. इन्फेक्शन, दवाखान्यातले महिने, आईवडिलांची सुट्टी, पैसे. गेट चुकून लहान काढलं तर जे औषध हवं होतं ते मिळणार नाही आणि आजार परत येऊ शकतो. माऊसने काढलेल्या एका रेघेचं हे वजन.

तुमच्या घरात, नात्यात कुणाचा असा रिपोर्ट आला तर डॉक्टरांना चार गोष्टी नक्की विचारा. एकूण किती पेशी मोजल्या? संशयित किती सापडल्या? या तपासणीची पकडण्याची मर्यादा किती? आणि नमुना पहिल्या ओढीचा होता का? हा वैद्यकीय सल्ला नाही. हे प्रश्न विचारायचा तुमचा हक्क आहे, एवढंच सांगतेय. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही, उलट खूश होतो.

आणि ऐकणाऱ्यांपैकी जे बायोलॉजी किंवा स्टॅटिस्टिक्स शिकतायत त्यांच्यासाठी. आर ही भाषा आणि तिचा बायोकंडक्टर हा संग्रह फुकट आहे. त्यात फ्लोकोर, फ्लोसॉम अशी पॅकेजेस मिळतात. साधा लॅपटॉप पुरतो. पण कोड लिहायच्या आधी एखाद्या लॅबमध्ये जाऊन निदान शंभर निरोगी बोन मॅरोचे आलेख डोळ्यांखालून घाला. निरोगी वाट डोळ्यात बसली की वाट चुकलेली पेशी आपोआप खुपायला लागते. तांदूळ निवडणाऱ्या आजीला खडा कसा दिसतो, तसंच.

पुढच्या भागात एमआरडीच शोधायची दुसरी वाट बघू, डीएनएच्या बाजूने. प्रश्न असतील तर पाठवा, ऑडिओ मेसेज केलात तरी चालेल. भेटूया.